बसून मरा

लढाईचा निकाल सरदाराच्या शौर्यावर ठरतो, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. फक्त खालच्या धुरळ्यातून शौर्य दिसत नाही. दिसतो तो हत्तीवरचा हौदा. त्यात सरदार बसलेला असला तर लढायचं, हौदा रिकामा दिसला की पळायचं, एवढंच फौजेला ठाऊक होतं.

भर दुपारी तोफगोळ्याची कपची सरदारांच्या पोटात शिरली.

"कासम, हत्ती बसव. मला खाली घे," ते कण्हले.

कासम माहुताने मागे वळून पाहिलं. आतडी गादीवर आली होती. मग त्याने खाली पाहिलं. त्याचे दोन्ही भाऊ पुढच्याच रांगेत भाले घेऊन झुंजत होते. फौज पळाली असती, तर सगळ्यात आधी तेच कापले गेले असते.

"उतरता येणार नाही, सरकार."

"अरे गाढवा, मी मरतोय!"

"मरा की. पण बसून मरा."

सरदारांनी आयुष्यातली शेवटची शिवी दिली आणि मान टाकली. कासमने कमरेचा शेला सोडून त्यांना हौद्याच्या खांबाला ताठ बांधलं आणि हत्ती थेट शत्रूवर घातला. पायाखाली माणसं भोपळ्यासारखी फुटत होती. हत्तीच्या चालीने सरदारांची मान डुलत होती. शाबासकी मिळतेय असं समजून फौज जास्तच त्वेषाने कापत सुटली.

तासाभरात शत्रू पळाला. भाऊ जिवंत राहिले. सरदारांच्या शौर्याचा जयजयकार झाला.

तिकडचा हौदा रिकामा होता. तिकडच्या सरदाराला खरचटलंही नव्हतं. तो लघवीला उतरला होता.