पोटातला गोळा

"भीती वाटतेय का?" कट्ट्यावर चढलेल्या प्रत्येकाला दळवीसर उडीआधी विचारत. 'हो' म्हणेल त्यालाच उडी मिळायची. न घाबरणारा अंतर नीट बघत नाही, म्हणून भिंती-कट्ट्यांवरून उड्या शिकवणाऱ्या त्यांच्या पार्कूर क्लासचा हा नियम होता. पण जन्मतःच भीतीची लस टोचलेली ही पोरं बिनदिक्कत 'नाही' म्हणायची आणि मुकाट खाली उतरायची. त्यांच्यातलाच, परस्पर गच्चीवरून उडी मारलेला अद्वय तर पडतानाही हसत होता.

आज स्वरूपा म्हणाली, "हो सर, पोटात गोळा आलाय."

सरांना भरून आलं. त्यांनी तिचा हात हातात घेतला. तळवा कोरडा होता, नाडी झोपेतल्यासारखी संथ.

"असं म्हणायला कुणी शिकवलं?"

"आईनं. पण सर, गोळा येतो म्हणजे काय होतं?"