पाण्याखालचं सामान

"ही बॅग उघडावी लागेल, मॅडम," असं म्हणत त्यानं मान वर केली. मॅडम म्हणजे त्याची लेक होती.

ऑफिसचं ट्रेनिंग आहे, पाच दिवस, बसनं जातेय, असं तिनं सकाळीच त्याला सांगितलं होतं. खिडकीतून हात बाहेर काढू नकोस, असं त्यानं बजावलंही होतं. लेकीचं वय सव्वीस.

खरं तर तो इथे, प्रवाशांच्या तपासणीच्या टेबलावर, असायलाच नको होता. गेली तीन वर्षं तो विमानतळाच्या पलीकडच्या टोकाला, मालाच्या शेडमध्ये खोकी तपासत होता. इथल्या माणसाची दाढ सुजली म्हणून ऐन वेळी त्याला इकडे पाठवलं होतं. लेकीच्या चेहऱ्यावरून तर दाढ तिचीच ठणकत असावी असं वाटत होतं.

त्यानं नियमाप्रमाणे इन्चार्ज बाईंना हाक मारली.

"माझी मुलगी आहे. दुसऱ्या कोणाला तरी तपासू द्या."

बाईंनी लांबलेल्या रांगेकडे पाहिलं. "दुसरं आहे कोण? तपासा तुम्हीच, मी उभी राहते. तुमच्या हातून काही सुटल्याचं अजून ऐकलं नाही मी."

त्यानं चेन ओढली. आतून काळ्या नळ्यांचं एक वेटोळं निघालं. त्याला एका टोकाला पितळी गोळा आणि दुसरीकडे तोंडात धरायचे दोन रबरी तुकडे, एक काळा, एक पिवळा.

"हे काय आहे?"

"रेग्युलेटर. पाण्याखाली श्वास घ्यायला."

"कोणी घ्यायचा?"

"मी."

बाई बघत होत्या, त्यामुळे 'तू'वर येण्याची सोय नव्हती.

"तुम्हाला पोहता येतं?"

"दोन वर्षं झाली शिकून."

"सिलिंडर?"

"तिथे मिळतो. भरलेला विमानात नेता येत नाही."

"सुरी वगैरे?"

"खालच्या सामानात दिली."

"टॉर्च?"

"बॅटरी वेगळी काढलीय. टोकांना टेप लावलाय."

सगळी उत्तरं चोख. दुसरा कोणी प्रवासी असता तर त्यानं घरी जाऊन जेवताना त्याचं कौतुक सांगितलं असतं. लोक किती निष्काळजी असतात, हे तो रोजच सांगायचा. लेक मान खाली घालून जेवायची. ऐकत असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"आईला ठाऊक आहे?" हा प्रश्न नियमांत नव्हता. इन्चार्ज बाई उगाचच खोकल्या.

"आहे."

"काय म्हणाली?"

"खूश आहे."

संध्याकाळी घरी गेल्यावर बायकोकडे बघतोच, असं त्यानं मनाशी ठरवलं.

मग त्यानं घड्याळ पाहिलं. विमानाला पंचवीस मिनिटं होती. सामान घ्यायचं काउंटर मघाशीच बंद झालं होतं. एखादी वस्तू शंकास्पद वाटली तर ती परत काउंटरवर पाठवायची, असा नियम होता, आणि वाटणं न वाटणं सर्वस्वी तपासणाऱ्यावर होतं. त्याचा एक शब्द पुरे होता. संध्याकाळी लेक घरी, जमिनीवर, कोरडी.

"हे असं जाणार नाही," तो म्हणाला. "मला शंका आहे."

"कसली?"

त्यानं पेन हातात घेतलं, नोंदवही पुढे ओढली. लेक टेबलावर किंचित वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तुला भीती वाटतेय. भीती वाटते म्हणून अडव, मी मुकाट्यानं घरी येते. पण शंका आहे म्हणून लिहू नकोस."

बावीस वर्षांत त्यानं त्या वहीत एक ओळ खोटी लिहिली नव्हती. तो रकान्यांवरून पेनाचं टोक फिरवत राहिला. वस्तू, वजन, कारण, सही. भीतीला रकाना नव्हता.

रांगेत कोणीतरी "अहो, काय चाललंय काय" म्हणून कुरकुरलं.

त्यानं पेनाचं टोपण लावलं. नळ्यांचं वेटोळं पुन्हा नीट गुंडाळलं, कुठे वाकून चिरणार नाही असं, आणि बॅगेत ठेवलं. चेन लावली, शिक्का मारला. बॅग मात्र त्यानं लगेच सोडली नाही.

"फार खोल जाऊ नकोस."

"खोलच जायचं असतं, बाबा."

"मग एकटी तरी जाऊ नकोस."

"एकटं जातच नाहीत. ते पिवळं पाहिलंस ना? ते जोडीदारासाठी. त्याची हवा संपली, तर माझ्यातली द्यायची."

"जोडीदार?" त्याच्या भुवया चढल्या. "कोण आहे तो?"

आतापर्यंत धडाधड उत्तरं देणारी लेक एकदम अडखळली. "तो नाही," ती म्हणाली आणि मागे पाहू लागली.

"साहेब," मशीनवरच्या मुलीनं हाक मारली, "अजून एक आलीय. अगदी तसलीच."

पट्ट्यावरून दुसरी बॅग सरकत त्याच्यापुढे येऊन थांबली. मघापासून एका उंच प्रवाशाच्या पाठीआड उभी असलेली बाई नाइलाजानं पुढे झाली. डोक्यावर नवी कोरी टोपी, पायात नवे कोरे बूट. सकाळी त्याचा डबा भरून देताना ती रोजच्यासारखीच दिसत होती.

"अहो, चिठ्ठी फ्रिजवर लावून आले होते," ती म्हणाली. "आता माझी पटकन बघा. आमचं विमान सुटेल."