सोळाचे टायर

सहदेवने कोलशेतच्या बंदरावर पिकअप उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही. आज बोलून टाकायचंच, असं ठरवून तो आला होता. बोलून झालं की लगेच निघता यावं, एवढीच सोय.

बोलायचं होतं ते साधं होतं. उद्यापासून गाडी येणार नाही. शीळफाट्याच्या खाणीवर त्याला खडी वाहायचं काम मिळालं होतं. बाराही महिन्यांचं, पण रोज उजाडायच्या आत हजर व्हायचं. त्यासाठीच काल त्याने गाडीचे पंधरा इंची टायर काढून सोळाचे, जाड नक्षीचे बसवून घेतले होते. गाडी चांगली चार बोटं उंच झाली होती. शिवाय खडीला ना वास, ना तोंड. या दोन्ही गोष्टींचं सहदेवला भारी अप्रूप होतं. त्याची बायको रंगूबाई त्याचे कपडे वेगळ्या दोरीवर वाळत घालायची, तेही शेजाऱ्यांना दिसणार नाहीत असे.

ब्याऐंशी साली गाडी घेतली तेव्हापासून कोलशेतच्या कोळणी याच गाडीने कल्याणच्या बाजारात जात होत्या. एसटीचा कंडक्टर ओली टोपली दिसली की घंटी मारायचा. रिक्षावाले तर नाही म्हणायलाही थांबायचे नाहीत. ही गाडी गेली की बायकांचा बाजार गेला, हे सहदेवला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर त्याने कंबरदुखीचं कारण तयार ठेवलं होतं. डॉक्टरांनी पहाटेची गाडी बंद करायला सांगितलीय, असं म्हणायचं आणि कमरेवर हात ठेवायचा. घरी आरशापुढे त्याने तो हात ठेवूनही पाहिला होता.

कोळणी आल्या. पुढे आवडाबाई, सगळ्यांत थोरली आणि सगळ्यांत बुटकी. तिच्यामागून मनुबाई आणि बाकीच्या. आज टोपल्यांबरोबर दोघींनी मिळून एक लांब फळीही आणली होती. जुन्या होडीची, निळा रंग कुठे कुठे टिकून असलेली.

सहदेव खाली उतरला आणि त्याने घसा खाकरला. "मावशी, जरा बोलायचं होतं."

"मागून बोल," आवडाबाई म्हणाली. तिने टोपलीतून हळदकुंकू काढलं, नारळ काढला, झेंडूची माळ काढली.

नवी होडी पाण्यात लोटताना तिच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला लावतात, तसं तिने चारही टायरांना हळदकुंकू लावलं. गुडघे धरत बसली, गुडघे धरत उठली, असं चार वेळा. मग नारळ फोडला आणि पाणी काळ्या कोऱ्या रबरावर शिंपडलं. सहदेवला उधाणाचे दिवस आठवले. उधाणाचं पाणी रस्त्यावर चढलं की पिकअप बंद पडायची आणि बायकांचा बाजार बुडायचा. गाडी उंच केली ती आपल्यासाठीच, असं या धरून चालल्यात की काय?

"मावशी, हे टायर तुमच्यासाठी नाहीत," त्याच्या तोंडून निघून गेलं. कंबर बिचारी राहूनच गेली.

"ठाव हाय रे. खडीसाठी हायेत. इश्राम बोलला काल."

विश्राम म्हणजे टायरवाला. ठाण्यात टायरची दुकानं काय कमी होती? पण सहदेव गेला तो नेमका आवडाबाईच्या भाच्याकडे.

"मग ही पूजा कशाला?"

"उद्यापासून दगडातनं जाशील. टायर फुटू नये तुजा, म्हनून." आवडाबाईने हाताला लागलेलं कुंकू पदराला पुसलं. "इतकी वर्सं आमाला नेलंस. मनूची टोपली संपेस्तवर कल्यानला थांबायचास. दुसरा कोन थांबला असता?"

सहदेवने मनुबाईकडे पाहिलं. तो कधीच थांबला नव्हता. टोपल्या उतरल्या की तो केबिनमध्ये घोरत पडायचा. जाग यायची तेव्हा मनुबाईची टोपली रिकामी झालेली असायची, इतकंच. आणि रोज जागा झाला की समोर डॅशबोर्डवर पानात बांधलेला मासळीचा वाटा असायचा. तो भाड्यातला नव्हता. हे इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा त्याच्या ध्यानात आलं. कपडे वेगळे वाळवणारी रंगूबाई तो वाटा मात्र दारातच हातातून घ्यायची. उपकार कोणी कोणावर केले होते, आणि नारळ कोण फोडत होतं! त्याला आपली लाज वाटली आणि या बायकांबद्दल मन भरून आलं.

"आणि ही फळी?" त्याने कसंबसं विचारलं.

"गाडी उंच जाली म्हनं. मी चढनार कशी? आमच्या गोमाजीनं काल बसून पट्ट्या ठोकल्या, पाय सरकू नये म्हनून."

"मावशी, एका दिवसासाठी नवऱ्याला कामाला लावलंस?"

"मग? शेवटची खेप तुज्याच गाडीनं जायची ना."

फळी मागे टेकवून आवडाबाई चढली. सहदेवने तिचा हात धरला होता. बाकीच्या तिच्यामागून चढल्या.

कल्याणला त्या दिवशी सहदेव झोपला नाही. मनुबाईची टोपली संपेपर्यंत तिच्याशेजारी उकिडवा बसून राहिला, माशा वारत. तिने दोनदा विचारलं, बरं नाय का?

दुपारी गाडी बंदरावर परतली. फळीवरून एकेक करत सगळ्या उतरल्या. मनुबाई फळी घरी न्यायला म्हणून उचलू लागली.

"ती राहू दे गाडीतच," सहदेव म्हणाला. "उद्या लागेल."