दाराखालची फट

"वहिनी, हे यंत्र खोल्याखोल्यांतून हवा खेळवणार, तर प्रत्येक दाराखाली बोटभर फट हवीच," नव्या घराचा नकाशा पसरत इंजिनिअर म्हणाला.

"फटीतून आवाज जातो?" तिने विचारलं.

"जाणारच की. हवेचं बोट धरूनच फिरतो तो!"

"मग लेकीच्या दाराला फट नको."

"अहो, कोंडेल पोरगी!"

"कोंडू दे. नव्या घरात तरी तिला सुखाची झोप लागू दे."

इंजिनिअरने पेन्सिल थांबवली. त्याला काही उमगेना. टेबलाच्या टोकाला गृहपाठ करणारी लेक मान वर न करताच म्हणाली, "काका, माझ्या दाराला दोन बोटं ठेवा. ऐकूच आलं नाही, तर बाबांना आवरायला मी येणार कशी?"