उबेची पेटी

काटा चढतच होता. ताराने पेटीत हात घालून पाहिला आणि झटकन बाहेर काढला. ठरलेल्या मर्यादेच्या वर तापमान गेलं की हीटर आपोआप बंद व्हायला हवा होता. तो होत नव्हता.

"काहून अडवून राहिली वं?" गोपाळराव म्हणाले. नागपूरच्या लकडगंजातलं हे छोटं वर्कशॉप त्यांचं. "गरम होते ना? नर्स ठेवील लक्ष. देऊन टाक त्याले."

तो म्हणजे दाराशी स्टुलावर बसलेला जागेश्वर, उमरेडचा विणकर. त्याची बायको पहाटे, दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली होती. बाळ ओंजळीत मावेल एवढं. तिथल्या दवाखान्यातली एकुलती एक उबेची पेटी नेमकी इथे, नवा कंट्रोलर बसवायला आलेली. बाळाला नागपूरचा प्रवास सोसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून दवाखान्याची जीप आणि ड्रायव्हर घेऊन तोच आला होता.

"सर, बंदच होऊन नाही राहिली. लेकरू भाजून निघेल," तारा म्हणाली. "मी नाही देत."

जागेश्वरकडे मात्र तिला बघवलं नाही.

कंट्रोलरचा प्रोग्राम सी भाषेत होता. तापमान वाचून मर्यादेशी ताडून पाहणाऱ्या ओळी तेवढ्या तिने मध्येच असेंब्लीत, थेट चिपच्या भाषेत, लिहिल्या होत्या. तिथे आत काय जातं, बाहेर काय येतं, हे कम्पायलरला, म्हणजे प्रोग्रामचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरला, खुणांनी सांगावं लागतं. कोणती किंमत कुठल्या रजिस्टरमध्ये, चिपमधल्या कुठल्या कप्प्यात, ठेवायची ते मग तो ठरवतो. तिने खुणा पुन्हा तपासल्या. पुन्हा. डोळ्यांत पाणी येऊन अक्षरं पुसट झाली.

फोन वाजला. उमरेडहून होता. गोपाळरावांनी रिसीव्हर जागेश्वरच्या हाती दिला. त्याने ऐकून घेतलं, "बरं" म्हणाला, आणि परत स्टुलावर येऊन बसला.

"घाई करायले सांगतात ना?" ताराने मान वर न करता विचारलं.

"तुमी करा, ताई. बराबर करा."

मग तिने कम्पायलरने तयार केलेला कोडच उघडून पाहिला. मर्यादा आणि तापमान, दोन्ही एकाच रजिस्टरमध्ये! तापमान वाचलं की मर्यादा पुसली जायची. मशीन तापमानाला त्याच तापमानाशी ताडून पाहत होतं. ते स्वतःपेक्षा जास्त कधी होणार? 'यात आधीच लिहिलं जाईल, ही जागा वेगळी ठेव' असं सांगणारी '&' ही एवढीशी खूण तिने दिलीच नव्हती.

खूण टाकली. नव्या चिपमध्ये प्रोग्राम भरून ती बसवली. काटा चढला, थबकला, हळूहळू उतरू लागला.

"उचला, दादा!" तारा ओरडली. "पोहोचाल ना वेळेवर?"

जागेश्वरने ड्रायव्हरच्या मदतीने पेटी जीपमध्ये चढवली.

"माह्यं लेकरू तं मघाच गेलं, ताई," तो म्हणाला. "बाजूच्या खाटेवरचं बी तेवढंच हाय. त्याच्यासाठी थांबलो."