बशीतला चहा

संपाला दोन वर्षं होत आली होती. परळच्या एका खोलीत लतिका त्या संपावरच्या चित्रपटाचं संकलन करत होती. लहू आणि जगन हे गिरणीतले जिवलग दोस्त त्यात स्वतःच्याच भूमिकेत होते.

"एक चहा दोघं कप-बशीत वाटून पितात, तो प्रसंग काढ," दिग्दर्शक चिंतामणी जाताना म्हणाले. "मैत्री मुद्दाम दाखवल्यासारखी वाटते."

"पण सर, त्याशिवाय ती कुठून आली तेच कळणार नाही."

"काढ गं!"

तिने फिल्मचा तो तुकडा कापून खिळ्याला टांगला आणि पुढचं दृश्य लावलं. गिरणीच्या फाटकापाशी जगनने हाक मारली. सकाळी याच दृश्यात लहू हसत धावला होता. आता तो परक्याकडे पाहावं तसा पाहून निघून गेला. तिने तीनदा लावून पाहिलं. तिन्ही वेळा तो निघून गेला.

तेवढ्यात दारात खराखुरा लहू उभा राहिला. "ताई, खाली एक माणूस आलाय. जगन म्हणे. मला दोस्त-दोस्त करून रडतोय. कोण ओ तो?"

लतिकाने तुकडा परत जोडायला खिळ्यावरून ओढला आणि उजेडासमोर धरला.

बाकड्यावर लहू एकटाच होता. समोरच्या रिकाम्या जागेपुढे बशी होती, आणि चौकटीगणिक तिच्यातला चहा कमी होत होता.