डबे उघडण्याआधी

जेवणाच्या सुट्टीत गॅरेजमधल्या तिघांनी डबे काढले आणि तिघेही थांबले. रोज या वेळी पेंटर डोळे मिटून दोन-चार ओळींची प्रार्थना म्हणायचा, मग झाकणं उघडायची. आज पेंटरच्या गळ्यातून आवाजच फुटत नव्हता. उद्या घशातल्या गाठीचं ऑपरेशन होतं, आणि आवाज राहील की जाईल हे डॉक्टरांनीही छातीठोकपणे सांगितलं नव्हतं.

तसं पाहिलं तर प्रार्थना एकट्या पेंटरची. इलेक्ट्रिशियन मामा थांबायचे ते भिडेखातर, फिटर थांबायचा तो मैत्रीखातर. देव या विषयावर फिटर पेंटरशी इतका कडाकडा भांडायचा की सगळं गॅरेज त्याला वकील म्हणे. पेंटरने मात्र त्याला कधी उपदेशाचे डोस पाजले नाहीत. सगळं ऐकून घ्यायचा, हसायचा आणि "जेव आता, गार होतंय," म्हणायचा.

पेंटरने हातानेच खूण केली, करा सुरुवात.

"थांब," वकील म्हणाला. "मी म्हणतो."

मामांचा हात झाकणावरच राहिला. वकिलाने ग्रीसचे हात पँटला पुसले आणि डोळे मिटले.

"हे प्रभू, या अन्नाबद्दल तुझे आभार मानतो. ज्या हातांनी ते केलं त्यांना आशीर्वाद दे. आमच्या कामातून कुणाला इजा होऊ देऊ नकोस. आणि वकिलाच्या बायकोची सुखरूप सुटका होऊ दे."

मामांना ठसका लागला. "अरे, तुझी पोरगी शाळेत जायला लागली की."

वकील कानापर्यंत लाल झाला. "हा असंच म्हणायचा ना."

म्हणायचा खरा, पण तो तेव्हा, वकिलाच्या बायकोचं बाळंतपण अवघड होऊन बसलं होतं आणि दवाखान्याच्या खेपा चालू होत्या तेव्हा. पोरगी सुखरूप घरी आल्यावर पेंटरने ती ओळ सोडून दिली. वकिलाच्या मनातून काही ती गेली नव्हती. म्हणजे तोंडाने हुज्जत घालणारा हा गडी तेव्हापासून शब्द न् शब्द ऐकत होता.

पेंटर आवाज न करता हसत होता. हसता हसता त्याला बाहीने डोळे पुसावे लागले.

"हसू नकोस," वकील म्हणाला. "घरीसुद्धा म्हणतो मी, मनातल्या मनात. आधी तुझी सवय लागली म्हणून म्हणायचो. हल्ली कुणीतरी ऐकतंय असं वाटतं."

त्याने पुन्हा डोळे मिटले. या वेळी शब्द आठवावे लागले नाहीत.

"पोरगी दिलीस, तेव्हा आभार मानायचे राहिले. ते आज मानतो. हा मित्र दिलास, त्याचेही मानतो. त्याचा आवाज राहू दे. नाही राहिला, तर मी तुझ्याशी भांडेन, पण बोलणं सोडणार नाही. येशूच्या नावाने मागतो."

"आमेन," मामा म्हणाले आणि आपलं आपणच दचकले.

मग तिघे जेवले. पेंटरला थोडंच गिळवलं. वकील बराच वेळ एकाच घासाशी खेळत होता.

"रविवारी तू हॉस्पिटलात असणार," तो शेवटी म्हणाला. "मी एकटाच चर्चला गेलो तर कुणी काही बोलेल का?"

पेंटरने मान हलवली. कुणी नाही.

"बसायचं कुठे?"

पेंटरने बोटांनी दाखवलं, मागून दुसरी रांग, भिंतीकडेला. मग बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं आणि वकिलाकडे वळवलं. माझ्या जागेवर बस.

"छे," वकील म्हणाला. "मी शेजारी बसेन. कुणी आलंच तर सांगतो, इथला माणूस यायचाय."